साधर्म्य-वैधर्म्याची कसोटी : वऱ्हाडशी निगडित काही कादंबऱ्या आणि चित्रपट

१

अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी येथे देवीचे एक प्राचीन पाषाणमंदिर आहे. ते कोणत्या काळचे, असे गावात विचारले तर ते 'हेमाडपंती' आहे, असे उत्तर सहज मिळते. हेमाडपंत म्हणजे देवगिरीचे यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री हेमाद्री. महादेवाची कारकीर्द इ. स. १२६० ते १२७१ अशी मानली जाते. परंतु बार्शीटाकळी येथील शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६-७७ चा आहे. मंत्री हेमाद्रीच्या कर्तृत्वकाळाच्या ऐंशीहून अधिक वर्षे आधीचा हा लेख आहे. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, या लेखात 'हेमाद्रिदेव' हे नाव खरोखरच येते. पण हा हेमाद्रिदेव देवगिरीचा मंत्री नसून या भागात नांदलेला एक राजा आहे.

या एका उदाहरणात साम्याचे दोन भिन्न प्रकार एकत्र आले आहेत. चुन्याविना दगडावर दगड बसविण्याची रीत ज्या मंदिरांत दिसते, ती सर्व एकाच पुरुषाच्या नावे घातली गेली. हे शैलीचे साम्य. दोन निराळ्या व्यक्ती एकाच नावाच्या निघाल्या. हे नामाचे साम्य. दोन्ही साम्ये खरी आहेत, डोळ्यांना दिसणारी आहेत. आणि तरीही त्यांवरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. साम्य दिसले म्हणजे नाते सिद्ध झाले, ही समजूत किती फसवी आहे, याचा असा पाषाणात कोरलेला पुरावा वऱ्हाडात गावाच्या वेशीतच उपलब्ध असावा, हे या प्रांताच्या अभ्यासकाचे भाग्यच म्हटले पाहिजे.

कादंबरी आणि चित्रपट यांची तुलना करताना हीच चूक वारंवार घडते. दोन कृतींचे नाव एक असले, विषय एक असला, पात्रांची नावे जुळली, की एक दुसरीवरून घेतली आहे असे बोलले जाते. आणि कथानकातील दोनचार प्रसंग निराळे दिसले, की मूळ कृतीशी बेइमानी झाली असा आरोप होतो. पहिल्या निवाड्यात एका कलावंतावर उचलेगिरीचा डाग लागतो, दुसऱ्यात दुसऱ्यावर अपलापाचा. अशा निवाड्यांना पुरावा काय आणि तो कोणत्या जातीचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वऱ्हाडशी या ना त्या प्रकारे निगडित असलेल्या कृतींच्या तीन जोड्या घेतल्यास या प्रश्नाचा उलगडा होण्यास मदत होईल. त्या अशा : गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' ही कादंबरी आणि १९७७ चा त्याच नावाचा चित्रपट. उद्धव शेळके यांची 'धग' ही १९६० ची कादंबरी आणि २०१२ चा 'धग' हा चित्रपट. आणि सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही २००२ ची कादंबरी व सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा २००९ चा चित्रपट.

या तीन जोड्यांतील संबंध तीन वेगवेगळ्या जातींचे आहेत. पहिल्या जोडीत घोषित रूपांतर आहे. दुसऱ्या जोडीत केवळ नाव समान आहे. तिसऱ्या जोडीत ना रूपांतर आहे ना नामसाम्य. तेथे भूमी आणि तिच्यावरचे संकट तेवढे समान आहे. संबंधाची जात बदलली की तुलनेचा प्रश्नही बदलतो, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा होय.

२

प्रथम घोषित रूपांतराचा विचार करू. दांडेकरांचा जन्म १९१६ साली अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचा. पूर्णाकाठच्या जीवनावर वऱ्हाडी बोलीत 'पूर्णामायची लेकरं' ही कादंबरी त्यांनी लिहिली. 'जैत रे जैत' मात्र वऱ्हाडची नव्हे. ती कोकणातल्या डोंगरांत राहणाऱ्या ठाकरांची कथा आहे. लेखक कोठे जन्मला यावरून कृतीचा प्रांत ठरविता येत नाही, ही सूचना येथे आरंभीच मिळते, आणि साम्याच्या पुराव्यांपैकी एक पुरावा येथेच बाद होतो.

जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट याच कादंबरीवर आधारलेला आहे. नाग्या, चिंधी, लिंगोबाचा डोंगर, त्या डोंगरावरची मधमाश्यांची पोळी, राणीमाशीने नाग्याचा घेतलेला डोळा आणि त्या माशीशी त्याने मांडलेले वैर, हा सर्व सांगाडा चित्रपटात कायम आहे. तेव्हा साम्य कोठे आहे, हे शोधण्यात येथे काहीच स्वारस्य नाही. साम्य हे येथे गृहीतच आहे. ते मूळ करारातच आहे. असे असूनही रूपांतरांची परीक्षणे बहुधा साम्याची याददाश्त तयार करण्यात खर्ची पडतात : हा प्रसंग घेतला, तो गाळला, हे पात्र ठेवले, ते वगळले. अशी याददाश्त म्हणजे तुलनेची पूर्वतयारी होय, तुलना नव्हे.

रूपांतरात अर्थ वाहून नेतो तो फरक. 'जैत रे जैत'च्या बाबतीत हा फरक प्रसंगांत फारसा नाही, तो निवेदकाच्या जागेत आहे. कादंबरीत रान, डोंगर, ठाकरांचे देव आणि नाग्याची जिद्द ही सर्व निवेदकाच्या वाणीतून वाचकापर्यंत येतात. दांडेकरांचा निवेदक रानात रमणारा, त्यातील प्रत्येक गोष्टीचे कौतुक करणारा आहे. चित्रपटात हा निवेदक नाहीसा होतो. कॅमेरा डोंगर दाखवू शकतो, पण डोंगराचे कौतुक करणारा आवाज त्याला स्वतःला नसतो. तो आवाज चित्रपटाने गाण्यांत शोधला. ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत यांना या चित्रपटात जे स्थान आहे, ते नेहमीच्या चित्रपटातील गाण्यांचे नव्हे. गाणी येथे कथेला थांबवीत नाहीत. ती कथा सांगतात, वेळप्रसंगी ठाकरवाडीच्या समूहाचा आवाज होतात. एका निवेदकाचा आवाज गेला आणि त्याच्या जागी एका समूहाचा आवाज आला, हे या रूपांतरातील खरे स्थित्यंतर होय.

याचा परिणाम पात्रांच्या तोलावरही झालेला दिसतो. कादंबरीच्या वाचकाला नाग्याची झुंज ही सर्वांत वरची रेषा वाटते. चित्रपटात चिंधीची भूमिका स्मिता पाटील यांनी केली आहे, आणि तिची सोबत, तिची धिटाई, तिचे पणाला लागणे हे नाग्याच्या झुंजीइतकेच प्रेक्षकाच्या मनावर ठसते. नटीच्या देहबोलीने कथेचा गुरुत्वमध्य हलू शकतो. शब्दांत लिहिलेल्या पात्राला ही सोय नसते. यात मूळ कृतीशी प्रतारणा झाली असे म्हणण्याचे कारण नाही. माध्यम बदलले की भार निराळ्या खांबावर पडतो. तो कोणत्या खांबावर पडला आणि इमारत उभी राहिली की नाही, हेच पाहावयाचे असते. या कसोटीवर चित्रपट उतरतो.

३

दुसरी जोडी याहून कठीण आहे, कारण येथे साम्य मोठे मोहक आहे. उद्धव शेळके यांची 'धग' ही मराठीतील थोर कादंबऱ्यांपैकी एक समजली जाते. वऱ्हाडातील एका खेड्यातील शिंपी कुटुंबाची ती कथा आहे. कौतिक, तिचा नवरा महादेव, भीमा आणि नामा ही मुले आणि यसी ही मुलगी, असे हे कुटुंब. महादेवाच्या अंगी संसार ओढण्याचे बळ नाही. ते सर्व ओझे कौतिकच्या माथी येते. ती राबते, भांडते, मुलांना शिकवू पाहते, प्रत्येक पडझडीनंतर पुन्हा उठते. आणि अखेर परिस्थिती तिला मनाने मोडून टाकते.

'धग' या नावाचा चित्रपट शिवाजी लोटन पाटील यांनी दिग्दर्शित केला. २०१२ सालासाठीच्या साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यास उत्कृष्ट दिग्दर्शनाचा आणि उषा जाधव यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. स्मशानात प्रेतदहनाचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या कुटुंबातील एका मुलाची ही कथा आहे. मुलाला त्या कामात शिरावयाचे नाही. आईचीही तीच आस आहे. परंतु घरची ओढगस्त त्याला त्याच कामाकडे ओढत नेते.

शेळके यांची कादंबरी आणि हा चित्रपट यांचा कथासंबंध नाही. चित्रपटाची कथा स्वतंत्र आहे. तरीही दोहोंची नावे शेजारी ठेवली की वाचक चमकतो. नाव एक. दोन्हींकडे दारिद्र्याने गांजलेले घर. दोन्हींकडे पिढीजात धंदा. दोन्हींकडे मुलाने या घरातून वर निघावे म्हणून धडपडणारी आई. ही यादी ज्याला दिली जाईल, तो एक कृती दुसरीवरून घेतली आहे असे सहज म्हणेल. बार्शीटाकळीच्या मंदिराला हेमाडपंताचे नाव देणाऱ्याहून त्याची चूक निराळी नसेल.

ही चूक टाळावयाची तर यादीतील प्रत्येक साम्याचे वजन करावे लागते. दारिद्र्य आणि धडपडणारी आई ही मराठी कथासाहित्याची सर्वसामान्य संपत्ती आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'पासून (१९३५) आणि तिच्यावरील आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटापासून ती पुढे चालत आली आहे, आणि त्याही आधीपासून ती लोकजीवनात आहे. जी गोष्ट सर्वांकडे असते, ती दोघांकडे सापडली यावरून एकाने दुसऱ्याकडून घेतली असे ठरत नाही. पिढीजात धंद्याचेही तसेच. उसनवारीचा संशय घेण्यास जागा होते ती केवळ असे साम्य सापडल्यास, जे सर्वसामान्य नाही, विषयातून आपोआप निघत नाही, आणि ज्याचे स्पष्टीकरण दुसऱ्या कोणत्याही मार्गाने देता येत नाही. 'धग'च्या दोन कृतींत असे एकही साम्य नाही.

उलट, नावाच्या एका शब्दाचाच अर्थ दोन्हीकडे किती निराळ्या रीतीने वापरला आहे, हे पाहिल्यास दोन्ही कृतींचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. धग म्हणजे जळत्या वस्तूची दुरून लागणारी ऊब किंवा झळ. हात न भाजता जी जाणवते, ती धग. कादंबरीत हा शब्द रूपकाचा आहे. कौतिकच्या संसारात प्रत्यक्ष आग कोठे लागलेली नाही. पण तिच्या आयुष्याला सतत झळ लागत राहते, आणि ती झळ दिसत नाही म्हणूनच तिचा उपाय सापडत नाही. चित्रपटात चिता प्रत्यक्ष पेटलेली आहे. तेथे धग रूपकात सुरू होत नाही. ती डोळ्यांपुढच्या लाकडांतून निघते आणि मग रूपकाकडे जाते. कादंबरी अदृश्य झळीला नाव देते. चित्रपट दृश्य आगीला अर्थ देतो. दोघांनी एकच शब्द उचलला आणि तो दोन विरुद्ध टोकांनी धरला. नामसाम्याचा खरा उपयोग एवढाच : त्यामुळे फरक पाहण्याची जागा सापडते. नाते त्यामुळे सिद्ध होत नाही.

दोन्ही कृतींतील बंधनही एका जातीचे नाही. चित्रपटातील मुलाला ज्यातून सुटावयाचे आहे, तो धंदा समाजाने त्याच्या कुळावर लादलेला आहे; त्या धंद्याला विटाळाचा शाप आहे. सुटका म्हणजे तो धंदा सोडणे. कौतिकच्या घरी शिवणकाम हे हिणकस समजले गेलेले काम नव्हे. तेथे अडचण धंदा असण्याची नसून तो न चालण्याची, करणाऱ्याच्या हाती बळ नसण्याची आहे. एकीकडे काम नको आहे आणि ते पाठ सोडीत नाही. दुसरीकडे काम हवे आहे आणि ते घर भरीत नाही. वरवर जुळ्या वाटणाऱ्या दोन कथांचे आतले बीज असे परस्परविरुद्ध आहे.

४

तिसरी जोडी सर्वांत महत्त्वाची, कारण येथे साम्य ना नावाचे आहे ना कथानकाचे, आणि तरीही ते खरे आहे. 'बारोमास'चे लेखक सदानंद देशमुख बुलढाणा जिल्ह्यातील. या कादंबरीस २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. उच्च पदव्या घेऊनही नोकरी न मिळालेला एकनाथ तनपुरे, कर्जात आणि नापिकीत रुतलेले त्याचे शेतकरी घर, शेतीवरचा विश्वास उडालेला धाकटा भाऊ मधू आणि शेतीला घट्ट धरून बसलेला बाप सुभानराव, असा तिचा संसार आहे. 'गाभ्रीचा पाऊस' हा चित्रपट विदर्भातील कापसाच्या मुलखात घडतो. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यानंतर किसनाच्या बायकोच्या मनात भय शिरते, की आपला नवराही तसेच काही करील. मग ती, सासू आणि लहानगा मुलगा अशी सारी मंडळी त्याच्यावर पाळत ठेवू लागतात. किसना मात्र पावसाची वाट पाहत पेरणीच्या मागे लागलेला असतो.

येथेही एक नामसाम्य दबा धरून बसलेले आहे. एकनाथच्या बायकोचे नाव अलका. किसनाच्या बायकोचे नावही अलका. एवढ्यावरून कोणी नाते जोडू लागला तर त्याला थांबविले पाहिजे, कारण अलका हे नाव त्या पिढीत महाराष्ट्रभर घरोघर होते. परंतु या दोन अलकांकडे एकदा पाहिले की दोन कृतींतील अंतर मोजण्यास उत्तम साधन मिळते. 'बारोमास'मधील अलका शहरी वळणाची आहे. शेतकऱ्याच्या घरात तिचा जीव रमत नाही, आणि तिचे माहेरी जाणे हा त्या घराच्या पडझडीचा एक भाग होतो. 'गाभ्रीचा पाऊस'मधील अलका घर सोडीत नाही. ती घराच्या दारात पहारेकरी होऊन उभी राहते. नवऱ्याला गोडधोड करून घालते, त्याच्यामागे मुलाला पाठविते, त्याच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लावते. पहिलीच्या जाण्याने संकटाची खोली कळते, दुसरीच्या राहण्याने.

येथून एक मोठा फरक हाती येतो, तो दृष्टिस्थानाचा. 'बारोमास' ही मुख्यतः एकनाथच्या जाणिवेतून उलगडते. तो शिकलेला आहे. आपल्या दुरवस्थेची कारणे त्याला कळतात. सावकार, बाजारभाव, नोकरीसाठी मागितली जाणारी देणगी, शेतीचे तुटत गेलेले गणित, या सर्वांचा त्याला विचार करता येतो, आणि विचार करूनही काही करता येत नाही, हीच त्याची शोकांतिका. चित्रपटात संकटाकडे पाहणारी नजर शेतकऱ्याची कमी आणि त्याच्या बायकोची अधिक आहे. तिला कारणांची चर्चा करावयाची नाही. तिला एक जीव वाचवावयाचा आहे. म्हणूनच चित्रपटात एक विलक्षण विनोद शिरतो. ज्याच्या मनात मरणाचा विचारच नाही अशा माणसावर घरच्यांनी पाळत ठेवावी, आणि त्याला त्याचे कोडे उलगडू नये, यात हसू आहे. आणि त्या हसण्याखाली भीती आहे. कादंबरीला या विनोदाची गरज नव्हती, आणि तिच्या विचारशील नायकामुळे तो तिला परवडलाही नसता.

दुसरा फरक काळाचा, आणि तो दोन्हींच्या नावांतच आहे. बारोमास म्हणजे बारा महिने. कादंबरीचा काळ ऋतुचक्राचा आहे. सुगीनंतर उन्हाळा, उन्हाळ्यानंतर पेरणी, पेरणीनंतर नापिकी, आणि पुन्हा तेच. दुःखाला हंगाम नाही, ते बारमाही आहे, असे नावच सांगते. 'गाभ्रीचा पाऊस' हे नाव एकाच गोष्टीवर बोट ठेवते. गाभ्रीचा हा विदर्भातील शिवीवजा शब्द. रागाबरोबर थोडी जवळीकही त्यात असते, जशी घरच्या माणसाला शिवी देताना असते. पाऊस येत नाही तेव्हा त्याला ही शिवी, नको तेवढा आला तरी हीच. चित्रपटाचा सारा काळ एका पावसाळ्याच्या आशा-निराशेत सामावतो. कादंबरी वर्षामागून वर्षे सोसू शकते, कारण वाचक ती आठवडाभर हाती धरतो. चित्रपटाला प्रेक्षक एका बैठकीपुरताच मिळतो. म्हणून तो एक हंगाम निवडतो आणि त्याला ताणतो. हा माध्यमांचा फरक आहे. पण दोन्ही कर्त्यांनी तो ओळखून आपापले नाव निवडले, हे त्यांचे श्रेय.

तिसरा फरक कृतींच्या तारखांतून उगवतो, आणि तुलनेत तो सहसा दुर्लक्षिला जातो. 'बारोमास' २००२ ची; 'गाभ्रीचा पाऊस' २००९ चा. यांच्या मध्ये २००६ साल आहे. त्या वर्षी जुलैत पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी विदर्भाचा दौरा केला, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा झाली. शेतकऱ्याची आत्महत्या ही त्याआधीही घडत होती आणि छापलीही जात होती; परंतु त्यानंतर ती सर्वतोमुखी झाली. कादंबरी लिहिली गेली तेव्हा लेखकाला शेतकऱ्याचे घर आतून कसे पोखरले जाते, हे दाखवावयाचे होते. चित्रपट आला तेव्हा मरणाची बातमी घराघरात पोहोचलेली होती. म्हणून चित्रपट आत्महत्येकडे चालत जात नाही, आत्महत्येपासूनच चालू लागतो. अलकाचे भय हे नुसते एका बायकोचे भय नाही. ते बातम्या ऐकून ऐकून साऱ्या प्रांताच्या मनात बसलेले भय आहे. दोन कृतींत सात वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर कथेच्या आरंभबिंदूत दिसते.

एवढे फरक मांडून झाल्यावर साम्य काय उरते? जे उरते ते भक्कम आहे. दोन्ही कृतींना हे ठाऊक आहे की शेतकऱ्याचे संकट शेतात सुरू होते, पण ते घरात भोगले जाते. दोन्हींत नात्यांची वीण उसवते किंवा ताणली जाते, आणि ती तशी होण्याचे कारण कोणाच्या दुष्टपणात नाही. दोन्हींनी सावकाराला एकमेव खलपुरुष करून वाचकाची सुटका केलेली नाही. हे साम्य कोणी कोणाकडून घेतलेले नाही. एकाच मातीतील दोन विहिरींना एकाच चवीचे पाणी लागावे, तसे ते आहे. त्याला उसनवारी म्हणणे अन्यायाचे होईल, आणि योगायोग म्हणणे अज्ञानाचे.

५

या तुलनेत एक प्रश्न राहून जातो, तो भाषेचा. 'धग' आणि 'बारोमास' या दोन्ही कादंबऱ्यांत निवेदन मुख्यतः प्रमाण मराठीच्या वळणाचे असून संवाद वऱ्हाडीत आहेत. निवेदनातही वऱ्हाडी शब्द मिसळलेले आहेत. मला, तुला यांच्या जागी मले, तुले. माझा, तुझा यांच्या जागी माहा, तुहा. डोळ्याचा डोया आणि काळ्याचा काया. पुस्तकाच्या पानावर या दोन भाषा शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि त्यांच्यामध्ये एक रेषा असते. निवेदक रेषेच्या अलीकडे आणि पात्रे पलीकडे. शेळके आणि देशमुख यांचे सामर्थ्य असे की ते ही रेषा अधूनमधून पुसट करतात. परंतु ती पूर्णपणे जात नाही. वाचकाला सतत जाणवत राहते की ही माणसे बोलत आहेत एका भाषेत, आणि त्यांची कथा सांगितली जात आहे दुसऱ्या भाषेत.

चित्रपटात निवेदक नसल्याने ही रेषाच नाही. 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये वऱ्हाडी बोली हीच एकमेव भाषा असते. तिच्याहून वरच्या पायरीवर उभी राहून तिच्याविषयी बोलणारी दुसरी भाषा तेथे नसते. हा चित्रपटाचा मोठा लाभ होय. परंतु त्याची किंमतही आहे. कादंबरीत प्रत्येक वऱ्हाडी शब्द वाचकाला डोळ्यांनी फोडावा लागतो, आणि त्या श्रमातून तो शब्द मनात रुजतो. चित्रपटात तोच शब्द चेहऱ्याच्या आणि आवाजाच्या आधाराने क्षणात कळतो आणि क्षणात जातो. त्याच चित्रपटाचे रॉटरडॅमच्या महोत्सवात दर्शन घडले, तेव्हा तेथील प्रेक्षकापर्यंत तो तळटीपेवाचून पोहोचू शकला, तो याच बळावर. बोलीला कादंबरी साठवून ठेवते, चित्रपट तिला दूरवर नेतो. ही दोन कामे परस्परांच्या ऐवजी होऊ शकत नाहीत. म्हणून ज्याने चित्रपट पाहिला त्याला कादंबरी वाचण्याचे कारण उरत नाही, हा विद्यार्थिवर्गात रूढ होत चाललेला समज निराधार आहे.

६

वरील तीन जोड्यांवरून साधर्म्य-वैधर्म्याच्या निर्णयासाठी काही नियम निघतात. घोषित रूपांतरात साम्य हे दिलेले असते, म्हणून अर्थ फरकात शोधावा; आणि तो फरक प्रसंगांच्या गाळणीत न पाहता, निवेदकाची जागा कोणी घेतली आणि भार कोणावर पडला, येथे पाहावा. नामसाम्याच्या जोडीत नावाला पुराव्याचे स्थान देऊ नये. मात्र एकाच शब्दाने दोन कर्त्यांना काय काय सुचविले, हे अवश्य पाहावे. समान भूमीच्या जोडीत उगम वेगळे असणे हे दिलेले असते, म्हणून तेथे साम्याला अर्थ असतो; परंतु फरकांची मोजदाद झाल्यानंतर जे शिल्लक राहते तेवढेच साम्य खरे मानावे. आणि सर्वत्र तारीख पाहावी. तारखेवाचून केलेली तुलना ही शिलालेखावाचून केलेल्या कालनिर्णयासारखी असते.

या नियमांचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. गेल्या काही दशकांत वऱ्हाड म्हटले की दुष्काळ आणि आत्महत्या, असे एक समीकरण बाहेरच्या वाचकाच्या मनात रुळले आहे. त्यामुळे या प्रांतातून आलेली प्रत्येक कृती एकाच कथेची आवृत्ती म्हणून वाचली जाण्याचा धोका उत्पन्न झाला आहे. कौतिकची झुंज, एकनाथची घुसमट आणि अलकाचा पहारा या तिन्ही गोष्टी 'वऱ्हाडचे दुःख' या एका चिठ्ठीखाली ठेवल्या, की कौतिक ही चार दशके आधीची आहे, एकनाथ शिकलेला आहे आणि अलका त्याच्या उलट बाजूने पाहते, हे सारे पुसले जाते. फरक पुसणे हा एखाद्या प्रांताचा आवाज पुसण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे. कारण त्यात निंदा नसते, उलट सहानुभूती असते.

बार्शीटाकळीच्या मंदिराला हेमाडपंती म्हणणारा माणूस मंदिराची निंदा करीत नाही. तो त्याला गौरवाचे नावच देत असतो. परंतु त्या गौरवाने शके १०९८ मध्ये नांदणारा हेमाद्रिदेव आणि त्याच्या काळचे कारागीर झाकले जातात. शिलालेख वाचला म्हणजे मंदिराचे सौंदर्य कमी होत नाही. ते कोणाचे आणि कधीचे, एवढेच कळते. पुस्तके आणि चित्रपट यांच्या तुलनेने याहून अधिक काही साधण्याची अपेक्षा धरू नये, आणि याहून कमी साधून समाधानही मानू नये.